अ‍ॅरिझोनाची धूळ आणि तुमचा ऑइल फिल्टर

सेकंड-हँड गाडी घेतलीत, ऑइल स्वतः बदलायचं ठरवलंत, आणि दुकानात फिल्टरच्या रांगेसमोर अडकलात. स्वस्तातला घ्यावा की तिप्पट किमतीचा? बाहेरून दोन्ही डबे सारखेच. हा पेच शंभर वर्षं जुना आहे.

फोर्डच्या मॉडेल टीला ऑइल फिल्टर नव्हताच. (बाबांच्या जुन्या टू-स्ट्रोक बजाज चेतकलाही नव्हता. तिथे ऑइल पेट्रोलबरोबर जळूनच जायचं, गाळणार काय?) १९२३ मध्ये अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्ग यांनी अमेरिकेत ‘प्युरोलेटर’ काढला. ‘प्युअर ऑइल लेटर’ म्हणून प्युरोलेटर! नाव अगदी प्रामाणिक, कारण त्यातून एका वेळी थोडंसंच ऑइल जायचं; बाकीचं न गाळताच इंजिनात. तो काम करतोय का, हे लोक ऑइलच्या रंगावरून ठरवायचे. आजही ठरवतात, आणि फसतात. ऑइल काळं करणारी काजळी इतकी बारीक असते की उत्तम फिल्टरमधूनही ती निसटते. शिवाय आताच्या ऑइलमधली डिटर्जंट्स तिला मुद्दाम तरंगत ठेवतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर सगळं ऑइल गाळणारे ‘फुल-फ्लो’ फिल्टर रुळले. १९५४ मध्ये विक्स कंपनीने फिरवून बसवायचा बंद डबा आणला. सोय मोठी झाली, पण आतलं काही दिसेना. गिऱ्हाइकाच्या हाती उरला खोक्यावरचा आकडा.

आणि तो आकडाच लबाड. ‘२० मायक्रॉन’ म्हणजे काय? माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड, एवढं लक्षात ठेवा. पण २० मायक्रॉनचे निम्मे कण अडवणाराही ‘२० मायक्रॉन’चा, आणि १०० पैकी ९५ अडवणाराही! यावर तोडगा निघाला तो गाड्यांच्या जगाबाहेर. १९७० च्या सुमारास ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटीत हायड्रॉलिक फिल्टरसाठी ‘मल्टी-पास’ चाचणी तयार झाली: ऑइल फिरवत ठेवायचं, त्यात सतत धूळ सोडायची, फिल्टरच्या आधीचे आणि नंतरचे कण मोजायचे. आधी २० कण आणि नंतर १, तर बीटा २०, म्हणजे ९५ टक्के.

धूळ कुठली? अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातली! जनरल मोटर्सचा एसी विभाग ती चाळून विकायचा. १९९० च्या दशकात ते बंद झालं, प्रमाण धूळ बदलली, कण मोजायच्या यंत्रांचं कॅलिब्रेशनही बदललं. त्यामुळे जुने मायक्रॉनचे आकडे आणि नवे आकडे थेट शेजारी ठेवून तुलना करू नका.

एवढा कीस कशाला? १९८८ मध्ये जनरल मोटर्सच्या डेव्हिड स्टेली यांनी दाखवलं की ४० ऐवजी १५ मायक्रॉनपर्यंत गाळलं तर इंजिनाची झीज सुमारे ७० टक्क्यांनी घटते. अर्थात, तो झीज मुद्दाम लवकर घडवून आणणारा प्रयोग होता; रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीत इतका फरक दिसेलच असं नाही.

काही हौशी मंडळी वापरलेला फिल्टर कापून कागदाच्या घड्या मोजतात. बघायला मजा येते, आणि फाटलेला कागद किंवा कडक झालेला रबरी व्हॉल्व्ह त्यातून नक्की कळतो. पण कागदाची छिद्रं डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून मी खोक्यावर दोन गोष्टी एकत्र शोधते: टक्केवारी कुठल्या मायक्रॉनला आहे, आणि चाचणी आयएसओ ४५४८-१२ ची आहे का. बाकी ‘अल्ट्रा’, ‘प्रीमियम’ वगैरे सोडून द्या. आणि महागडा फिल्टर घेतला म्हणून तो दुप्पट काळ ठेवू नका. तो तुंबला की बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळताच इंजिनात जातं, मॉडेल टीसारखं.