धाकट्याला कोणी घेतलं, तर थोरली शिकेल

आज तुम्हाला ठाणे जिल्ह्यातल्या एका टेकडीची गोष्ट सांगायची आहे. तो भाग आता पालघर जिल्ह्यात येतो. पण त्याआधी आपल्याच दारातली एक गोष्ट.

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत हप्ते गोळा करत होते. मंगळवार होता, सकाळचे अकरा वाजले होते. दारात नऊ-दहा वर्षांची मुलगी भावाला कडेवर घेऊन उभी. आईचा हप्ता द्यायला आली होती. मी विचारलं, "आज शाळा नाही का गं?" ती म्हणाली, "ताई, आई शेवयांच्या मशीनवर गेलीय. ह्याला कोण बघणार?" ते मशीन आमच्याच गटाच्या कर्जातून आलेलं. त्या घराचा हप्ता एकदाही चुकलेला नाही, माझ्या वहीत सगळं चोख आहे. पण त्या दिवशी मनात आलं, या हप्त्यातला काही वाटा ही पोर आपल्या शाळेतून भरतेय.

हा प्रश्न जुना आहे. ऐंशी वर्षांपूर्वी दोन बायकांनी तो नीट ओळखला होता. त्यांची नावं ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ.

ताराबाईंचा जन्म 1892 चा, मुंबईतला. 1914 साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवीधर बायका बोटावर मोजण्याइतक्या. पुढे राजकोटला शिक्षिका तयार करणाऱ्या महाविद्यालयाच्या त्या प्राचार्या झाल्या. मानाची जागा होती. ती सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर लहान मुलांच्या शिक्षणाचं काम करू लागल्या. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. अडीच-तीन वर्षांच्या मुलालाही शिकवायचं असतं, आणि ते मारून नाही तर खेळातून, हे तेव्हा लोकांना पटवून द्यावं लागत होतं. ताराबाईंनी ते 'शिक्षणपत्रिके'तून आणि दादरच्या शिशुविहारातून पटवून दिलं.

पण एक गोष्ट त्यांना खटकत होती. मॉन्टेसरी पद्धत रोममध्ये सुरू झाली ती गरीब कामगारांच्या मुलांसाठी. आपल्याकडे मात्र ती शहरातल्या सुखवस्तू घरांत अडकली. साधनं महाग, फी महाग. खेड्यातल्या मुलाचं काय? हा प्रश्न घेऊन 1945 साली, वयाच्या 53 व्या वर्षी, ताराबाई डहाणूजवळच्या बोर्डी गावी गेल्या आणि तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालं.

तिथे त्यांच्याबरोबर अनुताई आल्या. अनुताई 1910 च्या, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य. त्या काळात अशा मुलीचं आयुष्य तिथेच संपल्यासारखं धरत. त्यांच्या घरच्यांनी तसं धरलं नाही, त्यांना शिकू दिलं. त्या शिक्षिका झाल्या. बोर्डीला आल्या तेव्हा पस्तिशीच्या होत्या, आणि पुढे जन्मभर त्या भागातच राहिल्या.

बोर्डीत बालवाडी निघाली, पण दलित वस्तीतली मुलं काही येईनात. आईबाप पहाटे कामाला जात. अंगावर धड कपडे नाहीत. आणि दुसऱ्यांच्या आळीत जायचं तर मनात धाक. आपण असतो तर काय म्हटलं असतं? "ह्यांना शिक्षणाची किंमतच नाही." या दोघींनी तसं म्हटलं नाही. मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी मुलांच्या अंगणात न्यायची, असं त्यांनी ठरवलं. सकाळी सामान घेऊन वस्तीत जायचं. आधी मुलांचे हातपाय-तोंड धुवायचे, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. साधनं आसपासचीच: चिंचोके, शिंपले, खडे, पानं. हे सगळं अंगणात चालायचं, म्हणून घरातल्या बायकांच्या नजरेसमोर चालायचं. मुलाला न मारता कसं बोलायचं, खरूज कशी टाळायची, हे आयांना वेगळं भाषण देऊन सांगावं लागत नव्हतं. अंगणातली ही बालवाडी म्हणजेच अंगणवाडी. आज देशभर चालणारा हा शब्द या कामातून पुढे आला.

त्या वेळचा तो मुलूखही ध्यानात घ्या. वारली माणसं जमीनदारांकडे वेठबिगार करत होती. लग्नासाठी कर्ज काढलं, तर नवराबायको वर्षानुवर्षं सावकाराकडे राबत. 1945 सालीच गोदावरी परुळेकरांच्या साथीने वारली वेठीविरुद्ध उभे राहिले. एकीकडे माणूस मोकळा होत होता आणि त्याच मुलखात त्याच्या लेकराच्या हाती अक्षर द्यायचं काम सुरू होत होतं.

1957 मध्ये केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या पाड्यांजवळ गेलं. तिथे खरी कसोटी लागली. पाच-सहा वर्षांचं पोर गुरामागे जाई. सात-आठ वर्षांची मुलगी घरी धाकट्याला सांभाळी. शाळा मोफत असून काय उपयोग? पोरांना वेळच मोकळा नव्हता.

मग त्यांनी विकासवाडी केली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा, तिन्ही एकाच आवारात. थोरली बहीण धाकट्याला घेऊन येई, त्याला पाळणाघरात ठेवी आणि स्वतः वर्गात बसे. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. मुलीला शाळेत आणण्यासाठी नुसतं तिच्या बापाला समजावून भागत नाही. तिच्या कडेवरचं मूल आधी कोणीतरी घ्यावं लागतं.

गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. गुरं चरतात तिथेच झाडाखाली वर्ग. पळसाला पानं तीनच, ही म्हण आपण नुसती बोलतो. कुरणात तिचाच तीनाचा पाढा करता येतो.

आणि या टेकडीवर शिक्षिकाही घडत होत्या. बालवाडी चालवणाऱ्या बायकांना तिथे शिकवलं जाई, तेही समोर खरी मुलं ठेवून. पुस्तकातलं पाड्यावर चाललं नाही, तर ते पाड्याप्रमाणे बदलायचं. विद्यापीठात शिकलेल्या बाईचं ज्ञान आणि पाड्यावरच्या बाईचा अनुभव तिथे एकाच चटईवर बसले. मुलं, शिक्षिका आणि गाव यांची मोट अशी बांधली गेली. त्यातलं एक सुटलं की बाकीची दोन टिकत नाहीत.

ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळालं. 1973 मध्ये त्या गेल्या. त्यानंतर अनुताईंनी 1992 पर्यंत, शेवटपर्यंत, हे काम ओढलं. त्यांना पद्मश्री मिळाली. आणखी एक सांगते. अनुताई पदवीधर झाल्या 1961 मध्ये, वयाच्या 51 व्या वर्षी. "आता माझं काय शिकायचं वय आहे का" म्हणणाऱ्या माझ्या गटातल्या बायकांना मी हे नेहमी सांगते.

2 ऑक्टोबर 1975 ला सरकारची एकात्मिक बालविकास योजना देशातल्या 33 ठिकाणी सुरू झाली. आज गावोगाव अंगणवाडी आहे. वजनं होतात, लसी मिळतात, आहार मिळतो. हे थोडं नाही. पण वाटेत काही सांडलंही. अंगणवाडी म्हटलं की आपल्याला खिचडी आठवते, गाणी-गोष्टी आठवत नाहीत. सेविकाताईंना रजिस्टरं भरताना मान वर करायला फुरसत नाही, आणि त्यांच्या कष्टाला अजून पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. मुलाला तिथे शिकायला बसवतात तेही तीन वर्षांचं झाल्यावर. त्याहून लहानाचा आहार घरी येतो, मूल घरीच राहतं. म्हणजे थोरलीच्या कडेवर.

त्या मुलीचा भाऊ दीड वर्षाचा आहे.

पुढच्या बैठकीत मी हा विषय काढला. आमच्या दोन आज्या म्हणाल्या, समाजमंदिरात सकाळी आम्ही बसतो, आणा पोरं. मग प्रश्न आला, त्यांना काही द्यायचं की नाही? गटाच्या व्याजातून द्यावं, असं काहीजणी म्हणाल्या. काहीजणींना ते पटलं नाही, पैसा सगळ्यांचा आहे. अजून ठरलेलं नाही. एवढं मात्र ठरलं की यापुढे कर्जाचा अर्ज आला की आणखी एक प्रश्न विचारायचा: तू कामाला गेल्यावर लेकरू कोणाजवळ राहणार?

तुमच्या गटात हा प्रश्न कोणी विचारतं का? नसेल, तर येत्या बैठकीत विचारून बघा. आणि उत्तरात घरातल्या एखाद्या मुलीचं नाव आलं, तर ती कितवीत आहे, हेही विचारा.