ग्रीस देशांतील भुयारी रेल्वे व भूगर्भांतील पुरावा

अथेन्स नगरांत भुयारी रेल्वेच्या कामानिमित्त १९९४-९५ सालीं केरामिकॉसच्या प्राचीन स्मशानाजवळ खणतां सुमारें १५० प्रेतांचा एक खड्डा लागला. वरचीं प्रेतें अस्ताव्यस्त टाकलेलीं असून मधें मातीही नव्हती. सोबतच्या मृत्पात्रांवरून काळ इ. स. पूर्व ४३० च्या सुमाराचा ठरतो; म्हणून थ्युसिडिडीजनें वर्णिलेल्या साथीशीं संशोधक त्याचा संबंध जोडतात. येथें प्रमाण नुसत्या हाडांत नव्हतें, तीं जशीं पडलीं होतीं त्या रचनेंत होतें.

थेस्सलोनिकी नगरांत वेनिझेलू स्थानकाच्या जागीं बायझंटाईन काळचा फरसबंदी हमरस्ता व चौक निघाला. तो जागींच राखण्याचें २०१७ सालीं ठरलें. २०१९ सालीं निर्णय फिरला. वाद न्यायालयापर्यंत गेला, तरी अखेर दगड उचलले, स्थानक बांधलें, व दगड पुन्हां मांडले. गाडी ३० नोव्हेंबर २०२४ रोजीं सुरू झाली.

चौक नष्ट झाला नाहीं, याचा आम्हांस संतोषच आहे. परंतु ज्यानें दप्तरें हाताळलीं आहेत तो जाणतो कीं, रुमालांतून काढलेला कागद परत ठेविला तरी तो मूळचा कोणत्या कागदाखालीं होता, हें पुढें केवळ नोंदीवर अवलंबून राहतें. फरशीखालचे थर तर परत घालतांच येत नाहींत. आमच्या मतें हा चौक म्हणजे पानें मूळचीं, बांधणी मात्र नवी, अशी पोथी होय. त्याविषयीं लिहिणारानें दगड पाहण्यापूर्वीं ते उचलण्याआधींचीं मोजमापें व नकाशे मागावे.