ग्लासगोचा ‘र’ आणि ऐरोलीचा कान

कागदाची अरुंद पट्टी ओठांसमोर धरायची आणि ‘पेन’ म्हणायचे. पट्टी फडफडली तर जमले, नाहीतर पुन्हा. मराठी ‘प’ला हवेचा झोत लागत नाही, इंग्रजांच्या ‘पी’ला लागतो. मग ‘व्ही’ची पाळी. वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, ‘डब्ल्यू’ला मात्र ओठांचा चंबू करायचा. २००० नंतरच्या दशकात नवी मुंबईत कॉल सेंटरला लागलेल्या हजारो पदवीधरांचे पहिले काही आठवडे अशा कसरतीत गेले. तिथला परवलीचा शब्द होता एमटीआय, म्हणजे मदर टंग इन्फ्लुअन्स. ‘तुझं एमटीआय फार आहे’ हे वाक्य रक्ताच्या रिपोर्टमधली साखर सांगावी तसे सांगितले जाई.

हा धंदा इथेच का आला? १९७० साली सिडको स्थापन झाली ती मुंबईवरची गर्दी खाडीपलीकडे न्यायला. ठाणे-बेलापूर पट्ट्यात एमआयडीसीचे रासायनिक आणि अभियांत्रिकी कारखाने त्याआधीपासूनच होते. १९९२ मध्ये लोकल वाशीला पोहोचली आणि पुढे स्टेशनाच्याच डोक्यावर आयटी कंपन्यांची कार्यालये थाटली गेली. १९९९ मध्ये ऐरोलीचा पूल झाला, त्याच वर्षी नवे दूरसंचार धोरण आले. २००२ मध्ये परदेशी कॉलवरची व्हीएसएनएलची मक्तेदारी संपली आणि २००४ पासून ठाणे-वाशी लोकल धावू लागली. जागा, गाडी आणि स्वस्त फोन अशा तिन्ही सोयी झाल्या. महापेचे मिलेनियम बिझनेस पार्क आणि ऐरोलीचे माइंडस्पेस रात्रीही उजळलेले दिसू लागले. हिवाळ्यात लंडनला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे दुपारचे अडीच झालेले असतात, त्यामुळे ब्रिटनची शिफ्ट निदान माणसांत होती. अमेरिकेसाठी रात्र जागावी लागे; पिकअपची सुमो किंवा क्वालिस दारात आली की घरचा संदीप सकाळपर्यंत सॅम व्हायचा.

इंग्रजीचा ‘खरा’ उच्चार शोधण्याची ही धडपड मात्र मुंबईला नवी नव्हती. १८२९ मध्ये मुंबईत उतरलेले मिशनरी जॉन विल्सन हे स्कॉटलंडच्या लॉडर गावचे, शिकले एडिनबरात. १८३२ मध्ये त्यांनी काढलेल्या शाळेचेच पुढे विल्सन कॉलेज झाले. त्यांचे सहकारी रॉबर्ट नेस्बिटही स्कॉटिश मिशनचेच. म्हणजे गिरगावातल्या कित्येक मुलांच्या कानावर पडलेली पहिली इंग्रजी लंडनची नसून स्कॉटलंडची असणार, ‘र’ ठणठणीत वाजवणारी. तो ‘र’ मराठी जिभेला मुळीच परका नव्हता. पंचाईत झाली ती पुढे, दक्षिण इंग्लंडच्या उच्चभ्रू शाळांतला उच्चार हाच आदर्श मानला गेला तेव्हा. त्या उच्चारात ‘कार’मधला ‘र’ गिळावा लागतो.

या आदर्शाच्या तुलनेत आपण कुठे आहोत, हेही मोजून झाले. हैदराबादच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशमधले ध्वनितज्ज्ञ आर. के. बन्सल यांनी १९६९ मध्ये भारतीयांची इंग्रजी परक्यांना कितपत कळते यावर पुस्तिका काढली. सरासरी सुमारे ७० टक्के कळते, आणि घोटाळा प्रामुख्याने शब्दातला आघात चुकल्याने होतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. प आणि व घोटत बसण्यापेक्षा आघात शिकवला असता तर पोरांचा पुष्कळ वेळ वाचला असता.

पण गाजावाजा जिभेचा झाला तरी कॉल सेंटरच्या फ्लोअरवर निम्मे काम कानाचे होते. प्रशिक्षणातली गुळगुळीत इंग्रजी बोलणारा ग्राहक हेडसेटमध्ये क्वचितच भेटे. लँकेशरची आजी ‘बस’ला ‘बुस’ म्हणायची आणि ‘कप’ला ‘कुप’. लंडनच्या कामगार वस्तीतला माणूस ‘थ्री’ म्हणाला की ‘फ्री’ ऐकू येई, आणि बिलाच्या भांडणात हा फरक महागात पडे. ऑस्ट्रेलियन फोन नंबर सांगताना ‘एट’चे ‘आइट’ करी, अमेरिकनाच्या तोंडी ‘ट्वेंटी’चे ‘ट्वेनी’ होई. ग्लासगोकर शब्दामधला ‘ट’ घशातच अडवून धरत, पण त्यांचा ‘र’ ओळखीचा वाटे. मग ‘अल्फा, ब्राव्हो, चार्ली’ करत एकेक अक्षर ताडून घ्यायचे. पोस्टकोडही मदतीला येई: ‘एनई’ म्हणजे न्यूकॅसल, ‘एल’ म्हणजे लिव्हरपूल. त्यावरून समोर कोणती बोली येणार याचा अंदाज बांधता येई. घणसोलीच्या आगरी घरातली मुलगी मर्सी नदीकाठची बोली ओळखू लागली, हे खरे तर भाषाशिक्षणातले मोठे प्रकरण आहे. त्यावर कोणी फारसे लिहिले नाही.

खुद्द इंग्रजांना आपल्या बोलींचे कौतुक सहज जमले, असेही नाही. १९४१ मध्ये यॉर्कशरचे विल्फ्रेड पिकल्स बीबीसीवर राष्ट्रीय बातम्या वाचू लागले, तर श्रोत्यांच्या तक्रारी आल्या. क्रिकेटमध्ये गाडी लवकर पुढे गेली. हॅम्पशरचा जाड उच्चार घेऊन जॉन आर्लट समालोचनाला बसले ते १९४६ मध्ये, विजय मर्चंट आणि विजय हजारे खेळत होते त्या भारतीय संघाच्या दौऱ्यात. पुढे तोच उच्चार क्रिकेटच्या रेडिओचा आवाज बनला. उच्चारावरून माणसाची पायरी ठरवण्यात आपणही मागे नाही. शॉच्या उच्चारशिक्षणावरच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकाचे मराठी रूप करताना पु. ल. देशपांडे यांना पायऱ्या कुठून उसन्या आणाव्या लागल्या नाहीत. ‘ती फुलराणी’ १९७५ मध्ये रंगभूमीवर आले आणि भक्ती बर्वे यांची मंजुळा घरोघरी पोहोचली.

कॉल सेंटरच्या पोरांनी इतके करूनही काम टिकेल याची खात्री नव्हती. ब्रिटिश ग्राहकांची कुरकुर वाढली, इथले पगारही वाढले. २०११ मध्ये न्यू कॉल टेलिकॉम या कंपनीने मुंबईतले कॉल सेंटरचे काम उचलून बर्नलीला नेले. बर्नली लँकेशरमध्येच आहे, त्या ‘बुस’वाल्या मुलखात.

२०२५ मध्ये टेलिपरफॉर्मन्स ही फ्रेंच कंपनी भारतातल्या केंद्रांत सानास या अमेरिकी कंपनीची प्रणाली वापरू लागल्याची बातमी आली. एजंट बोलत असतानाच ही प्रणाली त्याचा उच्चार मवाळ करून पलीकडे पोहोचवते. तरी व्हॉइस प्रोसेसच्या भरतीच्या जाहिरातींत ‘नो एमटीआय’ ही अट आजही दिसते.