पोर्ट-संघर्ष आणि जावा जालप्रणालींचे दोषशोधन : एक ऐतिहासिक विवेचन (विशेष संदर्भ : कोल्हापूर येथील संगणक शिक्षण)

प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या अध्यापनात काही अडचणी इतक्या नित्याच्या झालेल्या असतात की त्यांना इतिहास आहे, याचे भान राहत नाही. जावा भाषेतील जालप्रणाली चालवताना 'पत्ता आधीच वापरात आहे' अशा अर्थाचा जो संदेश पडद्यावर येतो, तो याच प्रकारातला आहे. हा संदेश पाहिलेला नाही असा संगणकशास्त्राचा पदवीधर विरळाच. त्यावरील रूढ उपायही सर्वज्ञात आहे : संगणक बंद करून पुन्हा सुरू करणे. या उपायाने अडचण बहुतेक वेळा दूर होते, परंतु ती का निर्माण झाली हे विद्यार्थ्याला कळत नाही. प्रात्यक्षिक परीक्षेच्या मोजक्या वेळात हे अज्ञान महाग पडते. स्वतःच्या प्रोग्राममध्ये कोणतीही चूक नसताना विद्यार्थी त्याच प्रोग्रामच्या ओळी बदलत बसतो आणि चालू असलेले काम बिघडवून घेतो.

पोर्ट-संघर्ष हा प्रोग्राममधील दोष नसून क्रमांक-वाटपाच्या एका ऐच्छिक व्यवस्थेचा परिणाम आहे, आणि ती व्यवस्था कशी घडली हे समजल्यास संघर्षाचे निवारण अंदाजाने न होता पद्धतशीरपणे करता येते, असे प्रतिपादन प्रस्तुत निबंधात केले आहे.

निबंधाची उद्दिष्टे

१. पोर्ट क्रमांकांच्या व्यवस्थेचा ऐतिहासिक मागोवा घेणे.
२. जावा जालप्रणालींच्या संदर्भात ८०८० या क्रमांकावर संघर्ष का होतो, याची कारणमीमांसा करणे.
३. दोषशोधनाच्या, म्हणजेच डीबगिंगच्या वेळी उद्भवणाऱ्या विशेष संघर्षाचे स्वरूप स्पष्ट करणे.
४. प्रयोगशाळेत अवलंबता येईल असा निवारणाचा क्रम सुचवणे.

पोर्ट : संकल्पना

पोर्ट या शब्दाचा 'बंदर' हा अर्थ येथे उपयोगाचा नाही. राजर्षी शाहू छत्रपतींनी १८९५ साली कोल्हापुरात शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली. अशा कोणत्याही पेठेचे उदाहरण येथे घेता येईल. पेठेचा पत्ता एकच असला तरी माल नेमका कोणाकडे पोहोचवायचा हे गाळा क्रमांकावरून ठरते. एका गाळ्यावर एका वेळी एकाच अडत्याची पाटी असू शकते. संगणकाचेही तसेच आहे. जाळ्यावरील पत्ता हा संपूर्ण यंत्राचा असतो आणि त्या यंत्रावर चालणाऱ्या अनेक प्रोग्रामपैकी संदेश कोणाला द्यायचा हे पोर्ट क्रमांकावरून ठरते. हा क्रमांक सोळा द्विमान अंकांत लिहिला जातो. म्हणून त्याची मर्यादा ० ते ६५५३५ अशी आहे.

पत्ता, संदेशवहनाचा प्रकार आणि पोर्ट या तिघांच्या एका जोडणीवर सर्वसाधारणपणे एकाच प्रोग्रामला ऐकत बसता येते. दुसरा प्रोग्राम तेथे बसू पाहतो तेव्हा संचालन प्रणाली त्याला नकार देते. पोर्ट-संघर्ष म्हणजे हा नकार होय. तो न मिळता तर एकाचा संदेश दुसऱ्याच्या हाती पडला असता. म्हणून हा नकार रोग मानता येत नाही. तो संरक्षणाचा भाग आहे.

क्रमांकांच्या नोंदवहीचा इतिहास

अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्यावर १९७० च्या दशकाच्या आरंभी प्रत्येक संस्था आपापल्या सेवांना आपल्या सोयीने क्रमांक देत असे. मे १९७२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी प्रमाण सेवांचे क्रमांक निश्चित करावेत असा प्रस्ताव एका टिपणाद्वारे मांडला. असे क्रमांक देणारा एक अधिकारी असावा आणि ते काम आपणच करावे काय, असेही त्यांनी काहीशा मिश्किलपणे सुचवले. पुढे हे काम खरोखरच त्यांच्याकडे आले आणि १९९८ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्यांच्याकडेच राहिले. जगभरच्या क्रमांकांची नोंदवही दीर्घकाळ एका व्यक्तीच्या विश्वासार्हतेवर चालली, ही बाब संस्थात्मक इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

व्हिंटन सर्फ व रॉबर्ट कान यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या आंतरजाल संदेशवहनाच्या आराखड्यात पोर्ट ही संकल्पना आली. सप्टेंबर १९८१ च्या प्रमाण दस्तऐवजात तिला स्थिर रूप मिळाले आणि १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने नवी संदेशवहन पद्धती स्वीकारली. त्याच वर्षी बर्कले विद्यापीठातील युनिक्सच्या ४.२ आवृत्तीतून सॉकेट ही प्रोग्राम-रचना प्रसृत झाली. १०२४ च्या खालचे क्रमांक केवळ यंत्राच्या प्रशासकालाच वापरता यावेत हा दंडकही बर्कलेच्या युनिक्समधून आला.

या इतिहासात दोन वेगवेगळ्या सत्ता दिसतात. नोंदवही ही केवळ नैतिक सत्ता आहे. ती क्रमांक सुचवते, पण कोणालाही अडवू शकत नाही. संचालन प्रणाली ही प्रत्यक्ष सत्ता आहे. ती अडवते, परंतु नोंदवहीत काय लिहिले आहे हे पाहत नाही. जो प्रथम आला त्याला ती जागा देते. पोर्ट-संघर्षाचे मूळ या दोन सत्तांमधील अंतरात आहे.

८०८० : एका सोयीची परंपरा

जालपृष्ठांसाठी ८० हा क्रमांक १९९० च्या दशकाच्या प्रारंभी निश्चित झाला. तो १०२४ च्या खालचा असल्याने युनिक्सवर सामान्य वापरकर्त्याला मिळत नसे. प्रयोगासाठी सर्व्हर चालवू इच्छिणाऱ्यांनी म्हणून ८० ची द्विरुक्ती असलेला, लक्षात ठेवण्यास सोपा ८०८० हा क्रमांक जवळ केला. पुढे नोंदवहीतही तो जालसेवेचा पर्यायी क्रमांक म्हणून दाखल झाला.

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने २३ मे १९९५ रोजी जावा जाहीर केली. जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी तेथे लिहिलेला सर्व्हलेट-सर्व्हर १९९९ मध्ये अपाची संस्थेकडे सुपूर्द झाला आणि 'टॉमकॅट' या नावाने जगभर पसरला. टॉमकॅटच्या मूळ मांडणीत तीन क्रमांक होते : ब्राउझरसाठी ८०८०, सर्व्हर थांबवण्याची आज्ञा स्वीकारण्यासाठी ८००५ आणि अन्य जालसर्व्हरशी जोडणीसाठी ८००९. फेब्रुवारी २०२० मध्ये सुरक्षेतील एक त्रुटी उघड झाल्यानंतर तिसरे द्वार मूळ मांडणीत बंद ठेवले जाऊ लागले. जेबॉस, ग्लासफिश आणि २०१४ पासून स्प्रिंग बूट यांनीही ८०८० हाच क्रमांक गृहीत धरला. ज्या क्रमांकाने एकेकाळी गर्दीतून वाट काढून दिली, त्याच क्रमांकावर पुढे गर्दी झाली.

कोल्हापूरच्या संगणक शिक्षणाचा संदर्भ

शिवाजी विद्यापीठाची स्थापना १८ नोव्हेंबर १९६२ रोजी झाली. व्यवस्थापन व संगणक शिक्षण देणारी 'सायबर' ही संस्था १९७६ मध्ये आणि 'केआयटी' हे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ मध्ये कोल्हापुरात सुरू झाले. भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली. म्हणजे जावा आणि सार्वजनिक इंटरनेट या दोन्ही गोष्टी एकाच वर्षी आल्या. पुढील दशकात एमसीए व संगणक अभियांत्रिकीच्या शिक्षणात जावा, सर्व्हलेट आणि डेटाबेस हे विषय शेजारी शेजारी आले.

या शेजारातून एक ठळक संघर्ष उभा राहिला. ओरॅकल कंपनीने २००६ मध्ये '१० जी एक्सप्रेस एडिशन' हा डेटाबेस विनामूल्य उपलब्ध करून दिला. एक गिगाबाइट स्मृती आणि चार गिगाबाइट माहिती एवढी त्याची मर्यादा शिक्षणासाठी पुरेशी होती. परंतु या डेटाबेसचे ब्राउझरवरील व्यवस्थापन-पृष्ठही मूळ मांडणीत ८०८० वरच उघडत असे आणि त्याची सेवा विंडोज सुरू होतानाच सुरू होई. ज्या संगणकावर डेटाबेसच्या विषयासाठी ओरॅकल आणि जावाच्या विषयासाठी टॉमकॅट अशी दोन्ही साधने बसवली जात, तेथे टॉमकॅटला आपली जागा आधीच व्यापलेली आढळे. 'पुन्हा सुरू करा' हा रूढ उपाय येथे नेमका निष्फळ ठरतो, कारण संगणक पुन्हा सुरू होताच ओरॅकल पुन्हा पहिला हजर होतो. ब्राउझरमध्ये तर विद्यार्थ्याला स्वतःच्या पृष्ठाऐवजी डेटाबेसचे पृष्ठ दिसते आणि चूक आपल्या सर्व्हलेटमध्ये आहे असा त्याचा समज होतो. अभ्यासक्रमात दोन विषय स्वतंत्र असले तरी यंत्रावर ते एकाच द्वाराशी भांडतात, ही गोष्ट कोणत्याही एका विषयाच्या क्रमिक पुस्तकात सहसा येत नाही.

दोषशोधनाचे स्वतंत्र द्वार

दोषशोधनाच्या वेळी या प्रश्नाला आणखी एक पदर येतो. जावाच्या १.३ आवृत्तीपासून, म्हणजे २००० सालापासून, दोषशोधनाची प्रमाण रचना उपलब्ध झाली. तीनुसार चालू असलेले जावा-यंत्र एका वेगळ्या पोर्टवर दोषशोधकाची वाट पाहते. टॉमकॅटच्या मांडणीत हा क्रमांक ८००० आहे, तर अन्य साधनांत ५००५ हा क्रमांक प्रचलित आहे.

येथे दोन प्रकारचे संघर्ष आढळतात. पहिला प्रकार मागे राहिलेल्या प्रोसेसचा. विद्यार्थी थांबा-बिंदूवर प्रोग्राम अडवतो आणि एक्लिप्स किंवा नेटबीन्ससारखे संपादन-साधन तसेच बंद करतो. साधन बंद होते, पण सर्व्हर मागे जिवंत राहू शकतो आणि सर्व द्वारे धरून बसतो. दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. दोषशोधनाचा क्रमांक 'जावा ऑप्ट्स' या परिवर्तकात लिहिल्यास टॉमकॅट सुरू करणारी आज्ञा तो वाचते आणि थांबवणारी आज्ञाही वाचते. थांबवण्यासाठी जे दुसरे छोटे जावा-यंत्र सुरू होते, ते त्याच पोर्टवर बसू पाहते आणि नकार मिळून कोसळते. परिणामी सर्व्हर थांबतच नाही. ही सूचना 'कॅटालिना ऑप्ट्स' या परिवर्तकात लिहावी, कारण तो केवळ सर्व्हर सुरू करतानाच वाचला जातो.

'थोडा वेळ थांबले की पोर्ट मोकळे होते' असाही एक समज आहे. जोडणी मिटल्यानंतर काही काळ तिची नोंद राखून ठेवण्याची तरतूद १९८१ च्या दस्तऐवजात आहे, हे खरे. परंतु युनिक्स-वर्गीय प्रणालींवर जावाचे सर्व्हर-सॉकेट अशा पोर्टचा पुनर्वापर मुळातच मान्य करते. त्यामुळे तेथे नकाराचे खरे कारण बहुधा एखादी जिवंत प्रोसेसच असते.

निवारणाचा क्रम

उपरोक्त विवेचनावरून पुढील क्रम सुचवता येतो.

प्रथम, संदेशातील क्रमांक नीट वाचावा. नकार ८०८० ला मिळाला आहे, ८००५ ला की दोषशोधनाच्या द्वाराला, यावर पुढील दिशा ठरते.

दुसरे, ते द्वार कोणी धरले आहे हे संचालन प्रणालीलाच विचारावे. विंडोजवर 'नेटस्टॅट' ही आज्ञा ए, एन आणि ओ या पर्यायांसह दिल्यास पोर्टसमोर प्रोसेसचा क्रमांक दिसतो. लिनक्सवर 'एसएस' किंवा 'एलएसओएफ' या आज्ञांनी हेच साधते.

तिसरे, त्या प्रोसेसची ओळख पटवावी. ती आपल्याच सर्व्हरची जुनी प्रत असल्यास तिला आधी रीतसर थांबवावे आणि ते न जमल्यास मगच बळाने बंद करावे. ती डेटाबेससारखी दुसऱ्याच्या उपयोगाची सेवा असल्यास तिला हात लावू नये.

चौथे, दोन्ही सेवा आवश्यक असतील तर एकीचा क्रमांक बदलावा. टॉमकॅटबाबत हा बदल 'सर्व्हर' नावाच्या मांडणी-फाइलमध्ये होतो. एकाच यंत्रावर दोन टॉमकॅट चालवायचे असल्यास ८०८० बदलून भागत नाही, ८००५ ही बदलावा लागतो.

पाचवे, केलेला बदल ब्राउझरमधील पत्त्यात, दोषशोधकाच्या मांडणीत आणि प्रयोगशाळेच्या नोंदवहीत उतरवावा. हा शेवटचा टप्पा सर्वाधिक दुर्लक्षित आहे.

निष्कर्ष

२०१३ नंतर डॉकरसारख्या साधनांनी प्रत्येक प्रणालीला तिचे स्वतःचे ८०८० देऊ केले. तरीही बाहेरच्या यंत्रावरील द्वार एकच असल्याने संघर्ष नाहीसा झाला नाही, तो एक पायरी बाहेर सरकला. क्रमांक ६५,५३६ असूनही भांडण मोजक्याच क्रमांकांवर होते, याचे कारण तुटवडा नसून सवय हे आहे.

१९७२ मध्ये पोस्टेल यांच्यासमोर जो प्रश्न होता, तोच लहान प्रमाणावर प्रत्येक महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आहे. कोणती सेवा कोणत्या क्रमांकावर बसेल हे ठरवणारे आणि लिहून ठेवणारे कोणी नाही. जावा, डेटाबेस आणि संगणक-जाळे या विषयांच्या अध्यापकांनी सत्रारंभी एकत्र बसून एका पानाची पोर्ट-नोंदवही तयार केली आणि ती प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावली, तर विद्यार्थ्याचा परीक्षेतील वेळ वाचेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, दोष आपल्या प्रोग्राममध्ये आहे की प्रोग्रामच्या शेजारात, हा प्रश्न आधी विचारण्याची सवय त्याला लागेल.