कल्हईचा पांढरा धूर

वर्षातून दोनदा, रमजानच्या आधी आणि पुन्हा दिवाळीच्या आधी, औरंगाबादेतल्या आमच्या मोहल्ल्याच्या चौकात एक लहानसा खड्डा खणला जायचा. खड्ड्यात कोळसे, बाजूला चामड्याचा भाता आणि भात्याजवळ उकिडवे बसलेले माझे मामू. मामू कल्हईगर होते. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. पलीकडच्या गल्लीतल्या काकू पितळेची पातेली आणि तपेली घेऊन यायच्या, आमच्याकडच्या खाला तांब्याच्या देगच्या घेऊन यायच्या. रांग मात्र एकच असायची. आम्ही पोरं त्या पांढऱ्या धुराभोवती नाचायचो. पण शाळेत कुणी ‘तुझे मामा काय करतात?’ असं विचारलं, की मी ‘दुकान आहे’ एवढंच सांगायचो. त्या खोटेपणाबद्दल आज थोडं बोलायचं आहे.

रोज आगीवर चढणाऱ्या वस्तूला वरून काय लावावं, म्हणजे ती टिकेल आणि पुन्हा नवी दिसेल? हा प्रश्न चुलीइतकाच जुना आहे. त्याचं पहिलं उत्तर आपल्या आयाबहिणींनी दिलं. सकाळी चूल थंड असताना माती आणि शेण कालवून तिच्यावर पोतेरं फिरवायचं. मातीला आगीचं भय नाही. रोजच्या जाळानं चुलीला पडलेल्या बारीक भेगा त्या ओल्या हातानं बुजत आणि चूल ताजी दिसे. भांडं चुलीवर ठेवण्याआधी त्याच्या बुडाला राखेचा किंवा मातीचा लेप देण्याची रीतही घरोघरी होती. त्यामुळे काजळी धातूला न चिकटता लेपाबरोबर निघून जाई. उष्णतेला टिकणारा आपला पहिला रंग तो हाच.

पण भांड्याच्या आतल्या बाजूचं काय? तांब्यापितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली की ती कळकते. ‘कळकणं’ हा शब्दच मराठीनं या दुखण्यासाठी घडवला आहे. आंबट पदार्थ तांबं खातो, हिरवट होतो, चव बिघडते आणि पोटही बिघडतं. यावरचा उपाय म्हणजे कथलाचा पातळ थर, अर्थात कल्हई.

हा उपाय फार जुना आहे. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी लिहून गेला आहे, की तांब्याच्या भांड्याला कल्हई केली तर अन्नाची चव सुधारते आणि हिरव्या गंजाचं विष आटोक्यात राहतं. आपल्याकडे अबुल फजलनं ‘आईन-ए-अकबरी’त शाही मुदपाकखान्याचे नियम नोंदवले आहेत. बादशहासाठी वापरायच्या तांब्याच्या भांड्यांना महिन्यातून २ वेळा कल्हई आणि शहजादे वगैरेंच्या भांड्यांना महिन्यातून एकदा. सोन्यारुप्याची ताटं असलेल्या दरबाराचीही कल्हईगराशिवाय सुटका नव्हती.

शब्दाचा प्रवासही ऐकण्यासारखा आहे. जुन्या अरब प्रवाशांनी मलायाच्या बाजूच्या ‘कलाह’ नावाच्या बंदराचा उल्लेख केला आहे. तिथून येणारं उत्तम कथील अरबीत ‘कलई’ म्हणून ओळखलं गेलं, असं अभ्यासक मानतात. अरबीतून तो शब्द फारसीत आला, दख्खनमध्ये उतरला आणि मराठीच्या तोंडात ‘कल्हई’ होऊन बसला. आज तो परका आहे, असं कुणाला वाटत नाही.

आता मामूंच्या खड्ड्याजवळ परत येऊ. मामू कथलाला शेवटी हात लावत. आधी सगळा वेळ घासण्यात जाई. मोठं भांडं असलं तर त्यात वाळू आणि चिंध्या टाकून ते आत उभे राहत, भिंतीला हात टेकत आणि कंबरेपासून गोल गोल फिरत. भांड्याचा जुना मळ निघाला, की ते सांडशीनं धरून निखाऱ्यावर तापवायचं. पुरेसं तापलं की चिमूटभर नवसागर टाकायचा. त्याबरोबर पांढरा धूर उठे. नवसागर तापला की त्यातून आम्ल सुटतं आणि धातूवरचा उरलासुरला काळा थर खाऊन टाकतं. त्याच क्षणी कथलाची कांडी तापलेल्या भांड्याला टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं तो चांदीसारखा रस आतून फिरवायचा. मग भांडं पाण्यात. चर्र आवाज येई आणि काळंकुट्ट गेलेलं पातेलं लखलखीत होऊन बाहेर येई.

यातलं शास्त्र सोपं आहे. तांबं १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं, कथील मात्र २३२ अंशांनाच. भांडं शाबूत राहतं, कथील पाणी होतं आणि दोघांच्या सीमेवर तांबं व कथील मिळून एक पातळ मिश्र थर तयार होतो. म्हणून कल्हई नुसती वर बसलेली नसते, भांड्याशी तिची गाठ पडलेली असते. आपण तुच्छतेनं ‘वरवरचा मुलामा’ म्हणतो, तशातली ती नव्हे. शिवाय आमटी-भात शिजताना पातेल्याच्या आतला भाग शंभर अंशांच्या फारसा वर जात नाही, त्यामुळे कल्हई सुखरूप राहते. रिकामं भांडं आचेवर विसरलं, तर मात्र ती ओघळते. मी एकदा अम्मीची देगची अशीच विसरलो होतो. त्या दिवशीचा मार अजून आठवतो.

या नवसागराची आणखी एक करामत आपल्या भागाला माहीत आहे. बिदरचे कारागीर जस्त आणि थोडं तांबं मिळून बनवलेल्या भांड्यावर चांदीची नक्षी बसवतात. मग बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचा लेप ते तापवलेल्या भांड्यावर चोळतात. जस्त काळंभोर होतं, चांदी पांढरीच राहते. तिथला काळा हा लावलेला रंग नव्हे, तोही धातूतूनच उमटलेला. एकच नवसागर पातेल्याला उजळायला मदत करतो आणि बिदरीला काळं करायलाही.

मग हे सगळं मागे का पडलं? १९१३ साली इंग्लंडमधल्या शेफील्ड गावात हॅरी ब्रेअर्ली यांनी न गंजणारं पोलाद तयार केलं. आपल्या स्वयंपाकघरांत ते साठ-सत्तरच्या दशकांत सर्रास आलं. स्टेनलेस स्टीलमधलं क्रोमियम हवेशी संयोग पावून स्वतःच एक पातळ संरक्षक थर बनवतं आणि ओरखडा पडला तरी तो आपोआप भरून येतो. ज्या भांड्याला कल्हई लागत नाही, त्याला कल्हईगरही लागत नाही. बायका पितळ मोडीत घालून स्टील घेऊ लागल्या. चौकातला खड्डा वर्षातून दोनदाऐवजी एकदा खणला जाऊ लागला आणि मग बंद झाला.

मामूंच्या मुलानं भाता हाती घेतला नाही. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याच्या आसऱ्यानं सुटे भाग करणारी लहानमोठी वर्कशॉप उभी राहिली. अशाच एका ठिकाणी तो रंगकामाला लागला. काम होतं मोटारसायकलच्या सायलेन्सरला काळा रंग देण्याचं. साधा ऑइलपेंट दीडशे-दोनशे अंशांतच करपतो, पापुद्रे धरतो. उष्णतारोधक रंगात सिलिकॉनचं रेझिन असतं, रुपेरी रंगात अॅल्युमिनियमची पूड असते. असे चांगले रंग पाचशे-सहाशे अंश सोसतात. पण ते लावून नुसते वाळवून चालत नाहीत. पहिल्यांदा हळूहळू तापवावे लागतात, तेव्हाच पक्के होतात.

एका ईदला मामूंनी लेकाला विचारलं, ‘‘पहिलं काय करता?’’ तो म्हणाला, ‘‘गंज काढतो. गंजावर रंग मारला तर महिन्यात उडतो.’’ ‘‘मग?’’ ‘‘मग पातळ हात मारतो. जाड मारला की फुगे येतात. मग भट्टीत तापवतो.’’ मामू हसले आणि आमच्या दखनीत म्हणाले, ‘‘तो तू बी कलईच करता रे!’’ त्यांच्या त्या ‘कलईच’मधला ‘च’ दखनीनं मराठीकडूनच घेतला आहे. मी तिथेच बसलो होतो. शाळेत जे लपवलं, ते त्या दिवशी फार टोचलं.

घरच्या जुन्या शेगडीला किंवा बंबाच्या धुराड्याला उष्णतारोधक रंग देणार असाल, तर मामूंच्या लेकाचा क्रम पाळा: गंज खरवडा, पातळ दोन हात द्या, दारंखिडक्या उघड्या ठेवून हळूहळू तापवा. मात्र अन्न शिजतं त्या आतल्या बाजूला हा रंग कधीही लावू नका. तिथे कल्हईच हवी.

आणि कल्हई लागणार आहे. तांब्यापितळेची भांडी पुन्हा हौसेनं घेतली जात आहेत. आपल्या शहराचा नान-खलिया आजही मोठमोठ्या देगांत शिजतो आणि तांब्याच्या देगाला कल्हई चुकत नाही. मात्र एक सावधगिरी हवी. कथील महाग आहे, शिसं स्वस्त आहे आणि दोन्ही एकत्र सहज वितळतात. शिशाची भेसळ डोळ्यांना दिसत नाही, पण ती अन्नात उतरते आणि लहान मुलांच्या मेंदूला इजा करते. म्हणून कल्हईगराला शुद्ध कथलाचे पैसे द्या, घासाघीस करू नका. त्या घासाघिशीतूनच भेसळीला वाट मिळते.

गेल्या वर्षी अम्मीची ती देगची मी कल्हईला नेली. शहरात बरंच शोधल्यावर एक म्हातारे गृहस्थ सापडले. भाता आता विजेचा होता, धूर मात्र तोच. त्यांनी विचारलं, ‘‘तुम्हाला यातलं बरंच कळतं. कुठे शिकलात?’’

मी म्हणालो, ‘‘माझे मामू कल्हईगर होते.’’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)