आधी ठिणगी बघा

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी म्हणून धावत नाही. शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती आणि मुंबईत टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षांची. त्या दिवसांत वर्तमानपत्रांत बरंच काही छापून आलं. सिनेमातली टॅक्सी, टपावरचं कॅरियर, मीटर पाडल्याचा आवाज वगैरे. ते सगळं खरंच आहे. पण मी आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवला, त्यामुळे एखादी वस्तू गेली की तिच्याबरोबर आणखी काय गेलं ते बघायची खोड लागली आहे. फियाटबरोबर एक विद्याही गेली असं पुष्कळजण म्हणतात. गाडी बंद पडली की बॉनेट उघडून, बिघाड कुठे आहे ते विचार करून शोधायची विद्या. ती खरंच गेली का, हे आज जरा तपासून बघू या.

मंडळी, ही विद्या मोटारीइतकीच जुनी आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीत कार्ल बेंझची पत्नी बर्था नवऱ्याला न सांगता त्याची तीनचाकी मोटार घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे माहेरी निघाली. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं वर, बरोबर दोन मुलगे. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. ठिणगीच्या तारेचं आवरण गेलं, तिथे मोज्याचा बंद गुंडाळला. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं मारून घेतलं. इंधन संपलं ते एका औषधाच्या दुकानातून विकत घेतलं. पाणी तर वरचेवर भरावं लागत होतं. इंधन, ठिणगी, ब्रेक, पाणी. पुढे शंभर वर्षं घरगुती गाड्यांचे नेहमीचे बिघाड बहुतेक याच यादीत बसत आले. आणि रस्त्यातली पहिली प्रसिद्ध दुरुस्ती कुणा इंजिनियरने नव्हे तर घरातल्या बाईने केली, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

बिघाड शोधायची रीत मुळात सोपी आहे. पेट्रोल इंजिन चालायला तीन गोष्टी लागतात. हवेत मिसळलेलं पेट्रोल योग्य प्रमाणात सिलिंडरमध्ये आलं पाहिजे, पिस्टनने ते नीट दाबलं पाहिजे आणि अगदी वेळेवर ठिणगी पडली पाहिजे. इंजिन चालू होत नसेल तर या तिघांपैकी कुणीतरी गैरहजर आहे. मग वर्गात घेतो तशी हजेरी घ्यायची. आमचे मिस्त्री म्हणायचे, "गुरुजी, आधी ठिणगी बघा." कारण ती बघायला सगळ्यात कमी वेळ लागतो. प्लग खोलायचा, वायरीत बसवून इंजिनाच्या लोखंडाला टेकवायचा आणि दुसऱ्याने सेल्फ मारायचा. निळी, कडक ठिणगी पडली तर अर्धा संशय मिटला. पिवळट, मरतुकडी दिसली तर कॉइल आणि पॉइंटकडे वळायचं. ठिणगी ठीक असेल तर हातातला प्लगच पुढचं सांगतो. कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल येत नाही. पेट्रोलने भिजला असेल तर वाजवीपेक्षा जास्त येतंय. काळी काजळी धरली असेल तर मिश्रणात हवा कमी पडतेय. ऑइलने चिकट झाला असेल तर बहुधा पिस्टनच्या रिंगा गेल्या, म्हणजे खर्चाचं काम.

आपल्याकडे ही रीत इतकी गावोगाव कशी पोचली, याचं कारण मात्र इतिहासात आहे. स्वातंत्र्याआधी मुंबईत जनरल मोटर्स आणि फोर्ड या अमेरिकन कंपन्या बाहेरून आलेले भाग जोडून गाड्या विकत. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर सरकारने ठरवलं की ज्यांना इथेच भाग बनवायचे आहेत त्यांनीच या धंद्यात राहावं. दोन्ही कंपन्यांनी गाशा गुंडाळला. जे मोजके उरले त्यांत वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स होती, कारखाना कुर्ल्याला. इटलीतली फियाट ११०० तिथे पन्नाशीच्या दशकात बनू लागली. १९६४च्या सुमारास तिचं नवं मॉडेल आलं आणि पुढे सत्तरच्या दशकात त्याच गाडीचं नाव 'पद्मिनी' झालं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, गियरचा दांडा स्टिअरिंगला. नाव बदललं, पुढची जाळी बदलली, पण इंजिनाचा मूळ आराखडा तीन दशकांहून जास्त काळ जवळपास तोच राहिला.

याला आपण मागासलेपणा म्हणत आलो आणि ते काही खोटं नाही. परवाने, आयातबंदी, गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघणं. पण एकच क्रमिक पुस्तक तीस वर्षं चाललं तर काय होतं, हे आम्हा शिक्षकांना ठाऊक आहे. थोरल्याचं पुस्तक धाकट्याला चालतं आणि त्यातला कठीण धडा कोणता, हे घरातल्या सगळ्यांनाच माहीत असतं. फियाटचं तसंच झालं. पुण्यात नाना पेठेत गेलं की जुनी नवी कुठलीही गाडी असो, भाग मिळे. इंजिनाचा ब्लॉक झिजला तर कोल्हापुरात उद्यमनगरात बोअर करून मिळे. आणि तालुक्याच्या गावातल्या गॅरेजात हाताखाली लागलेला पोरगाही चार वर्षांत तो धडा पाठ करून मोकळा होई.

आमच्या घरी १९८५ साली फियाट आली ती तिसऱ्या मालकाकडून, गाडी १९६८ची. शिक्षकाच्या पगारात नवी शक्यच नव्हती. कोल्हापूर-पुणे प्रवासात मे महिन्यात खंबाटकीचा घाट चढताना तिने आम्हाला पुष्कळ शिकवलं. घाटात दोन वेगळे बिघाड एकसारखेच दिसतात. एक म्हणजे इंजिन तापणं. चढाला खालच्या गियरमध्ये गाडी हळू जाते, समोरून वारा कमी मिळतो आणि इंजिनावर भार मात्र जास्त. त्यात फॅन बेल्ट सैल असेल किंवा रेडिएटरच्या नळ्यांत गाळ बसला असेल तर काटा लाल खुणेवर जाणारच. दुसरा म्हणजे पेट्रोलची वाफ होणं. पेट्रोलचा पंप इंजिनालाच लागून असे. तो तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होई आणि पंप वाफ ओढू शकत नसे. काटा जाग्यावर असे, पण गाडी खोकून खोकून बंद पडे. त्याला उपाय म्हणजे पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि झाडाखाली डबा उघडायचा. अर्ध्या तासाने गाडी काही न झाल्यासारखी चालू होई.

पहिल्या बिघाडात मात्र घाई करून रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे मी नातवंडांनाही सांगत असतो. झाकण आत दाब धरून ठेवतं, म्हणून पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण काढलं की दाब एकदम उतरतो आणि तेच पाणी त्याच क्षणी उकळून तोंडावर उडतं. कुकरचं शास्त्र ज्या घरात माहीत आहे त्या घरात हे वेगळं समजवायला नको.

पावसाळ्यातला बिघाड निराळा. रात्रभर पावसात उभी राहिलेली गाडी सकाळी सेल्फ घेई, पण चालू होत नसे. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत दमट हवा शिरून वीज भलत्याच वाटेने निघून जाई. टोपी काढून कोरड्या फडक्याने पुसली की काम झालं. प्लग गॅसवर गरम करून घ्यायची पद्धतही होती. आमच्याकडे पोळ्यांच्या तव्याशेजारी चार प्लग ओळीने मांडलेले असत आणि त्यावरून जे ऐकावं लागे ते इथे लिहीत नाही. असो.

या सगळ्यांत मला सगळ्यात महत्त्वाचा धडा वाटतो तो पॉइंटचा. डिस्ट्रिब्युटरमध्ये दोन छोटे धातूचे संपर्कबिंदू असत. ते उघडत, मिटत आणि उघडण्याच्या क्षणी कॉइलमधून ठिणगी निघे. दोघांमधली फट जेमतेम अर्धा मिलिमीटर, किंबहुना त्याहूनही कमी. हे बिंदू जळत, खरबरीत होत. पॉलिश पेपरने घासले की गाडी तात्पुरती सुधारे. पण नवा पॉइंट घालूनही तो थोड्याच दिवसांत पुन्हा जळला, तर दोष पॉइंटचा नसे. शेजारी कंडेन्सर नावाची बोटभर डबी असे. पॉइंट उघडताना तिथे ठिणगी उडू नये म्हणून ती असते. ती निकामी झाली की नवे पॉइंटही जळत राहत. साधा मिस्त्री पॉइंट बदलून देई. चांगला मिस्त्री आधी विचारी की हा जळला का?

आता खरं बोलायचं तर हे ज्ञान आम्ही हौसेने मिळवलं नव्हतं. गाडी बिघडत होती म्हणून दुरुस्ती येत होती. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० इंदिरा गांधींच्या हस्ते मालकाच्या ताब्यात दिली गेली. किंमत ४७,५०० रुपये, इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. ही गाडी सकाळी एका किल्लीत चालू व्हायची आणि घाटात सहसा अडायची नाही. बघता बघता बॉनेट उघडायची सवयच सुटली. त्याबद्दल कुणी हळहळलं असेल असं वाटत नाही. रात्री घाटात मुलाबाळांसह उभं राहण्यात शौर्य वगैरे काही नसतं.

खरा बदल त्यानंतरचा. १९९५ साली चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आलं आणि २००० पर्यंत देशभर पोचलं. नव्या गाड्यांना धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागला. त्याला शिसं चालत नाही, शिवाय हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण अगदी काटेकोर लागतं. वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा. कार्बोरेटरला इतका नेमकेपणा जमेना. म्हणून २०००च्या सुमारास कार्बोरेटर जाऊन इंजेक्टर आले. धुराड्यात ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आणि त्याचं ऐकून पेट्रोल कमी-जास्त करणारा संगणकही आला. पॉइंट तर गेलेच. बिघाडाची नोंद गाडीनेच ठेवायची आणि ती ठराविक सांकेतिक आकड्यांत सांगायची, ही पद्धत अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या मोटारींना सक्तीची झाली. भारत स्टेज ४ च्या काळात, म्हणजे २०१० नंतर, ती आपल्याकडेही आली. पिवळा दिवा लागतो, गॅरेजवाला स्टिअरिंगखालच्या खाचेत यंत्र जोडतो आणि पडद्यावर आकडा येतो.

इथेच लोकांची एक समजूत होते, की आता यंत्रच बिघाड सांगतं, डोकं चालवायला नको. माझ्या पुतण्याच्या गाडीत मागच्या वर्षी पी ०१७१ हा आकडा आला. अर्थ एवढाच की हवा जास्त, पेट्रोल कमी. एका वर्कशॉपने ऑक्सिजन सेन्सर बदलला, बिल बऱ्यापैकी झालं. आठ दिवसांत दिवा पुन्हा लागला. मग दुसऱ्या एका वयस्कर मिस्त्रींनी इंजिन नुसतं चालू ठेवलं आणि कान दिला. हवेच्या रबरी नळीला बारीक चीर होती, तिथून फसफस येत होती. बोटाने दाबली की आवाज थांबे आणि इंजिनाची लय सुधरे. न मोजलेली हवा तिथून आत शिरत होती. सेन्सर बिचारा खरंच बोलत होता आणि शिक्षा त्यालाच झाली.

जळलेल्या पॉइंटची आणि या सेन्सरची गोष्ट एकच आहे. आकडा लक्षण सांगतो, कारण सांगत नाही. पूर्वी इंजिन थरथरायला लागलं की मिस्त्री एकेक प्लगची वायर काढून बघत. जी काढल्यावर इंजिनाला काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर मेलेला. आज पी ०३०१ असा आकडा आला तर पहिल्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकतंय. ज्या गाड्यांत प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असते, त्यांत शहाणा मेकॅनिक पहिली कॉइल दुसरीच्या जागी लावून बघतो. आकडा बदलून पी ०३०२ झाला तर दोष कॉइलचा. नाही बदलला तर प्लग, इंजेक्टर किंवा दाब. वायर काढणं आणि कॉइलची अदलाबदल, रीत तीच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं.

म्हणजे विद्या गेलेली नाही. ती मालकाच्या हातून निघून कारागिराच्या हाती गेली आणि तिथेही सगळ्यांकडे नाही. पॉइंट घासणं आता कुणालाच यायला नको, त्याची गरजही नाही. पण प्रश्न विचारायला पाना लागत नाही की स्क्रू ड्रायव्हर लागत नाही. पुढच्या वेळी गाडी गॅरेजात टाकाल आणि अमुक भाग बदलावा लागेल असं कुणी सांगेल, तेव्हा होकार द्यायच्या आधी एवढंच विचारा, "तो खराब का झाला?" उत्तर ज्याच्याकडे असेल त्याच्याकडेच गाडी द्या.