आठ आण्यांचं कुत्रं

२६ जुलै २००५चा पाऊस ठाणे जिल्ह्यातला माणूस विसरणार नाही. त्या रात्री कल्याणात आमच्या इमारतीच्या जिन्यात पाणी शिरलं आणि पाण्याच्या पुढे पळत एक कुत्र्याचं पिल्लू वर आलं, थेट दुसऱ्या मजल्यावर आमच्या दारात. अम्मी तेव्हा हयात होती. पाच वक्ताची नमाज पढणारी बाई. कुत्र्याची लाळ लागली की कपडे बदलायचे, हे तिचं पक्कं. मी दार अर्धवट उघडून उभा. आतून आवाज आला, "गॅलरीत ठेव. खाली पोतं टाक. आणि घरातलं भांडं देऊ नकोस त्याला, करवंटी दे."

पिल्लू आमच्याकडे एकोणीस दिवस राहिलं. मग ठाण्यातल्या एका कुटुंबाने ते नेलं. त्यांची मुलं हरखली, मीही हरखलो. दोन महिन्यांनी सहज फोन केला, तर कळलं की गादी खराब करतं म्हणून त्याला रिक्षातून नेऊन सोडून आले. "बाहेर सोडलं हो," गृहस्थ म्हणाले. मी दोन रविवार खाडीच्या दोन्ही अंगांना शोधत फिरलो. सापडलं नाही.

ते 'बाहेर' माझ्या डोक्यात रुतून बसलं. मी कविता लिहिणारा माणूस. इतिहासाशी नातं बी.ए.पुरतं. पण पुढे जुन्या मुंबईविषयी वाचताना हाच शब्द पुन्हा भेटला.

मुंबईत कंपनी सरकारने १८१३ साली नियम केला होता की, वर्षातले ठरावीक आठवडे बेवारशी कुत्री मारायची. १८३२मध्ये उन्हाळ्यातली मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढवली. मारणाऱ्याला कुत्र्यामागे आठ आणे. त्या काळात ही रक्कम थोडी नव्हती. मग काय, बेवारशी कोणतं आणि पाळलेलं कोणतं हे बघतो कोण! घरात शिरून कुत्री ओढून नेतात, अशा तक्रारी होऊ लागल्या. ६ जूनला कोटातल्या पारशांचा संयम सुटला. पारशी धर्मात मृतदेहाला कुत्र्याची नजर दाखवण्याचा विधी आहे, त्यामुळे कुत्रं त्यांच्या लेखी नुसतं जनावर नव्हे. आणि तो दिवसही त्यांच्या सणाचा. कुत्री मारणाऱ्या शिपायांना जमावाने चोप दिला. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद झाली, कुलाब्याच्या पलटणीची रसद अडली, एका न्यायाधीशाच्या गाडीवर कचरा पडला. शेवटी लष्कर बोलवावं लागलं आणि धरपकड झाली. मला आवडतं ते हे, की या हरताळात पारशांबरोबर हिंदू, जैन आणि इस्माइली मुसलमानही होते. मुंबईतली ही पहिल्या काही मोठ्या दंगलींपैकी एक, आणि ती कुत्र्यांसाठी झाली!

सरकारला निव्वळ खलनायक ठरवणं सोपं आहे. पण तेव्हा पिसाळलेलं कुत्रं चावणं म्हणजे मरणच. पाश्चरची लस यायला अजून ५३ वर्षं होती. भीती खरी होती, उपाय मात्र आठ आण्यांचा होता.

पुढे सर जमशेटजी जीजीभॉय आदी मंडळींनी मध्यस्थी केली आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर न्यावीत, अशी तोड निघाली. दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. आज पांजरापोळ म्हटलं की गाई डोळ्यांसमोर येतात. सुरुवात मात्र या कुत्र्यांच्या प्रश्नातून झाली. पुढे तिच्या शाखा निघाल्या, त्यांतली एक आमच्या कल्याणजवळ, रायत्याला. म्हणजे मुंबईचं 'बाहेर' कुठे होतं, तर आमच्याकडे! नंतर मुंबईत न मावणारी माणसंही याच वाटेने कल्याण-डोंबिवलीला आली, तो भाग निराळा.

'बाहेर'ची सर्वांत वाईट कथा इस्तंबूलची. तिथल्या गल्ल्यांतली कुत्री शतकानुशतकं मोहल्ल्यांनी पोसलेली. १९१०मध्ये आधुनिक होण्याच्या घाईत सरकारने हजारो कुत्री गोळा करून समुद्रातल्या एका ओसाड खडकाळ बेटावर नेऊन टाकली. ना अन्न, ना पाणी. उलट कैरोत तेराव्या शतकातल्या सुलतान बैबर्सने भुकेल्या मांजरांसाठी एक बाग वक्फ करून ठेवली होती. पैगंबरांचे एक सोबती तर 'अबू हुरैरा', म्हणजे मांजरीवाले, याच नावाने ओळखले जातात. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजल्यामुळे क्षमा मिळाल्याची हदीस अम्मीला पाठ होती. करवंटी तिथूनच आली असावी.

आपल्याकडे २००१च्या नियमांनी मारणं थांबलं आणि नसबंदी करून, रेबीजची लस देऊन कुत्रं मूळ जागी सोडायचं ठरलं. कानाला खाच असलेलं कुत्रं दिसलं की समजावं, याचं ऑपरेशन झालंय. मूळ जागी का? एक टोळी उचलली की कचऱ्यावर दुसरी येते. आधारवाडीचा कचऱ्याचा डोंगर २०२१मध्ये बंद होईपर्यंत आम्ही हे डोळ्यांनी पाहिलं. ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली सगळी कुत्री निवाऱ्यांत हलवण्याचा आदेश दिला, तेव्हा 'बाहेर'चा तो जुना वाद पुन्हा पेटला. ११ दिवसांत तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला. पिसाळलेली आणि हिंसक वगळता बाकीची कुत्री मूळ जागी सोडायला सांगितली. नोव्हेंबरमध्ये मात्र शाळा, रुग्णालयं, स्थानकं अशा ठिकाणची कुत्री परत तिथे सोडू नयेत, असं बजावलं. आमच्या गल्लीतल्या सात वर्षांच्या मुलाच्या पोटरीला चावा बसला, तेव्हा साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायला मीच बसलो होतो. त्याच्या आईने मला जे सुनावलं, ते मी मुकाट ऐकून घेतलं. तिचं चुकीचं नव्हतं.

हा डोंगर आपल्या खांद्यावर पेलणारा नाही. ठाण्यात एसपीसीए आहे, डोंबिवलीत 'पॉज' आहे. पण निवाऱ्यात जागा किती पुरणार? शिवाय गर्दीत लहान पिल्लांना पार्वो गाठतो. म्हणून घरोघरी तात्पुरता आसरा देणारे लागतात. मुलं त्याला 'फोस्टर' म्हणतात. चार आठवड्यांच्या आतलं मांजराचं पिल्लू असेल तर दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पाजायचं. गाईचं दूध नको, जुलाब होतात. पिल्लांची वेगळी पावडर मिळते. पाजून झालं की ओल्या कापसाने पोटाखाली पुसायचं, तेव्हा कुठे ते लघवी करतं. आठ आठवड्यांचं झालं की पहिली लस. आणि मग, जीव जडलेला असताना, देऊन टाकायचं. २००५ नंतर मी कुणालाही घर पाहिल्याशिवाय पिल्लू दिलेलं नाही. लोक हसतात, मुलीचं स्थळ बघताय का म्हणतात.

सध्या गॅलरीत दोन बोके आहेत, सहा आठवड्यांचे. पोतं गेलं, जुनी सतरंजी आली. पाण्याला मात्र करवंटीच आहे. शनिवारी डोंबिवलीच्या एक शिक्षिका बघायला येणार आहेत. चौथा मजला म्हणाल्या, तेव्हा खिडक्यांना जाळी आहे का, ते मी विचारून घेतलं. घर भाड्याचं आहे का आणि मालकाला चालेल का, हे विचारायचं राहिलं. आज संध्याकाळी फोन करतो.